मौनदादांची मुकी गिटार

टायरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये माणसं दाटीवाटीनं बसली होती, पण कुणी खोकतसुद्धा नव्हतं. समोर मंचावर एक काळी इलेक्ट्रिक गिटार स्टँडला टेकून उभी होती. तिला कुणाचा हात लागलेला नव्हता. तारा जागच्या जागी स्तब्ध होत्या. आणि त्या गिटारला जोडलेला हेडफोन कानांवर चढवून एक बाई खुर्चीत बसली होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“वाजतंय,” ती पुटपुटली. मग जवळजवळ ओरडलीच, “वाजतंय! डाव्या कानात वाजतंय!”

हॉल टाळ्यांनी दणाणला. माझ्या शेजारच्या आजोबांनी डोळे पुसले. मी मात्र हाताची घडी घालून बसले होते, कारण ती बाई माझी सख्खी थोरली बहीण होती आणि तिचा डावा कान काही दिवसांपूर्वी बंद पडला होता.

मंचावरचे गृहस्थ हसले. त्यांना सगळे मौनदादा म्हणत. नाव मौनदादा, पण माणूस तासन्‌तास अखंड बोलायचा.

“तार छेडल्यावर वाजतं त्यात नवल ते काय?” ते म्हणाले. “छेडल्यावर तर दाराची कडीसुद्धा वाजते! न छेडता वाजतो तो खरा नाद. मौननाद! डॉक्टर तुमच्या कानात बघतात. मी तुमच्या ऐकण्यात बघतो. कान म्हणजे काय? खिडकी! खिडकी बंद झाली म्हणून घर आंधळं होतं का?”

“नाही!” लोक म्हणाले.

खिडकी, घर, आंधळं, बहिरं. सगळी खिचडी झाली होती, पण ऐकायला छान वाटत होतं.

माझी ताई टॅक्सी कंपनीच्या नियंत्रण कक्षात काम करते. दिवसभर डोक्यावर हेडसेट आणि तोंडी रस्ते, चौक, गाड्यांचे नंबर. एका सकाळी ती उठली तेव्हा डाव्या बाजूचं जग गायब झालं होतं. फक्त शिट्टीसारखा एक बारीक आवाज उरला होता. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, “नस अचानक दुखावली आहे. गोळ्या आजच सुरू करा, एकही चुकवू नका. यात जितका उशीर तितकी आशा कमी.”

ताईनं गोळ्या सुरू केल्या. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तशी ती हवालदिल झाली. नेमकं तेव्हाच भाऊजींच्या ऑफिसमधल्या कुणीतरी मौनदादांचं नाव काढलं. भाऊजी स्वभावानं गरीब. बायको रडते हे त्यांना बघवेना. ते तिला घेऊन गेले. पहिल्याच भेटीत मौनदादांनी सांगितलं, “गोळ्यांनी नाद जड होतो. आधी त्या थांबवा.”

आणि ताईनं थांबवल्या. मला हे कळलं म्हणून तर मी त्या हॉलमध्ये आले होते.

आता माझ्याविषयी. माझं चष्म्याचं दुकान आहे, डोळ्यांचे नंबर मी स्वतः काढते. आणि चाळिशी उलटल्यावर मला इलेक्ट्रिक गिटार शिकायची हौस आली. घरच्यांनी हसून घेतलं, खालच्या मजल्यावरच्या काकांनी काठीनं छत ठोकून निषेध नोंदवला. शेवटी माझ्या गिटारशिक्षिकेनं तोडगा सुचवला: खिशात मावणारा हेडफोन ॲम्प. काडेपेटीपेक्षा जरासा मोठा डबा. त्याची पिन गिटारच्या भोकात खोचायची, डब्याला हेडफोन लावायचा, झालं. इलेक्ट्रिक गिटार पोकळ नसते, त्यामुळे नुसती वाजवली तर तारांची टिकटिक तेवढी ऐकू येते. पण हेडफोनमध्ये अख्खं स्टेडियम गरजत असतं. बाहेरच्याला काही पत्ता नाही. रोज जेवणानंतर मी अशी वाजवत बसते आणि आमचे हे म्हणतात, “भिंतीवर पाल चुकचुकतेय असं वाटतं.”

म्हणूनच मौनदादांच्या गिटारकडे माझं लक्ष पुन्हा पुन्हा जात होतं. तिच्या कडेला, जिथे वायर जोडतात तिथे, लाल मखमलीची एक छोटी पिशवी बांधलेली होती. मौनदादा तिला ‘नादगाठ’ म्हणत. हेडफोनची वायर त्या पिशवीतूनच बाहेर येत होती. आणि मखमलीच्या आतून एक निळा ठिपका अगदी मंद चमकत होता.

तो ठिपका मी ओळखला. माझ्या डब्यालाही तो आहे. फोन ब्लूटूथनं जोडला की तो स्थिर पेटतो. फोनवर गाणं लावायचं आणि त्याच्यासोबत आपण वाजवायचं, यासाठी ती सोय असते.

मी वळून मागे पाहिलं. हॉलच्या टोकाला, खांबाशी, मौनदादांची मदतनीस बाई मोबाइल घेऊन उभी होती. चित्रीकरण करते असं सांगत होते. मोबाइलचं तोंड जमिनीकडे होतं.

घरी आल्यावर मी माझी गिटार पलंगावर आडवी ठेवली, डबा जोडला, फोनवरचं एक संथ गिटारवादन लावलं आणि हेडफोन घातला. तारा निपचित पडून होत्या, आणि कानात सुरेख गिटार वाजत होती. माहीत असूनही क्षणभर अंगावर काटा आला. डोळ्यांना दिसणारी गिटार आणि कानात वाजणारी गिटार मन आपोआप जोडून टाकतं. मग ताईला दोष कसा द्यायचा?

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले, तर तिनं मला बोलूच दिलं नाही.

“तुला माझं बरं झालेलं बघवत नाही का गं?”

“ताई, अगं तो साधा ॲम्प आहे. माझ्याकडे आहे तसाच. फोनवरून—”

“माझ्या कानात काय वाजलं ते तू मला सांगणार?”

“तुला आत्ता ऐकू येतंय का डावीकडून?”

ती टेबलावरचे कप गोळा करू लागली. भाऊजी मध्ये पडले. “सात बैठका पूर्ण झाल्या की कायमचं उघडतं म्हणाले आहेत. मध्येच शंका घेतली तर नाद रुसतो.”

“सोयीचा आहे की हो नाद!” मी म्हणाले. “आणि तोपर्यंत गोळ्या बंद?”

“तू निघ,” ताई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला घरातून जायला सांगितलं. जिन्यात मी रडले, हे खोटं कशाला सांगू? पण वाद घालून हे सुटणार नाही, हेही तिथेच कळलं. माणसाला जे अनुभवानं पटलंय ते बोलण्यानं कसं पुसणार? अनुभवच पुन्हा घ्यायला लावायला हवा होता.

पुढच्या बैठकीला मी नाव नोंदवलं. तक्रार: कानात सतत गुणगुण. दारातल्या माणसानं माझ्याकडून फोन बंद करून घेतला. “लहरींना अडथळा होतो,” तो म्हणाला. लहरींबद्दल तो खोटं बोलत नव्हता, फक्त कुठल्या लहरी ते सांगत नव्हता.

ताई आणि भाऊजी दुसऱ्या रांगेत होते. मला पाहून ताईनं मान फिरवली.

माझी पाळी आली. मौनदादांनी स्वतःच्या हातानं माझ्या कानांवर हेडफोन चढवला. “डोळे मिटा. विचार सोडा. संशय सोडा.”

डोळे मी मिटले. गिटार सुरू झाली. संथ, गोड, कुणीतरी खरंच चांगलं वाजवलेलं. त्या अज्ञात वादकाबद्दल मला वाईट वाटलं. आपण कुठल्या धंद्यात वाजतोय याची त्याला कल्पनाही नसेल. आणि मग त्या स्वर्गीय सुरांच्या मधोमध स्वच्छ आवाज आला: टिंग!

मौननादाला मेसेज आला होता.

मला हसू आवरेना. डोळे उघडले, हात लांब केला आणि गिटारचं आवाजाचं बटण फिरवून शून्यावर आणलं. कानातलं वादन होतं तसंच राहिलं.

“हात लावू नका!” मौनदादा ओरडले. त्यांचा मृदू आवाज एवढा मोठा होऊ शकतो हे हॉलला तेव्हाच कळलं.

मी लाल पिशवी धरली आणि ओढली. पिन गिटारमधून सुटली. पिशवी माझ्या हातात, गिटार स्टँडवर, आणि कानात वादन चालूच. मी उठले, मंचावरून उतरले आणि पहिल्या रांगेतल्या एका मिशीवाल्या गृहस्थांच्या कानांवर हेडफोन चढवला.

“काका, गिटार तिकडे आहे, आपण इकडे. काही ऐकू येतंय?”

त्यांनी आधी गिटारकडे पाहिलं, मग पिशवीकडे. “गिटार वाजतेय,” ते म्हणाले. “पण कोणती?”

“नाद गाठीत उतरलाय!” मौनदादा घाईनं म्हणाले. “गिटार केवळ दार. नाद आता—”

“मग खांबाजवळच्या ताईंना मोबाइल बंद करायला सांगा,” मी म्हणाले. “लहरींना अडथळा होतो ना?”

सगळ्या माना मागे वळल्या. मदतनीस बाई गोंधळली. तिनं घाबरून मोबाइल पर्समध्ये कोंबायला घेतला आणि त्या धांदलीत बोट कुठेतरी पडलं असावं. मिशीवाले काका दचकून म्हणाले, “थांबलं!” मी त्यांच्या कानांवरचा हेडफोन काढून घेतला, मखमल सोडवली आणि डबा उंच धरला. त्याचा निळा दिवा काय, पिन काय, फोनशी तो कसा जोडतात, सगळं सांगितलं. “दुकानात मिळतो हा. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून वापरतात. माझ्याकडेही आहे.”

कुजबुज वाढली. पण सगळे माझ्या बाजूनं नव्हते. मागून एक बाई चिडून म्हणाली, “यंत्र असेल हो! पण गुण येतो त्याचं काय? त्या दुसऱ्या रांगेतल्या बाईंचा कान उघडला, आम्ही डोळ्यांनी पाहिलं!”

मौनदादांना आयता आधार मिळाला. “विचारा! विचारा तिलाच!”

ताई उभी राहिली. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आता ही माझ्याविरुद्ध बोलणार. मी फक्त एवढंच म्हणाले, “ताई, माझ्या दुकानात मी नंबर कसा काढते? एक डोळा झाकते. दोन्ही उघडे असले तर चांगला डोळा वाईटाचं काम करतो आणि माणसाला कळतही नाही.”

ती पुढे आली. मला हेडफोन घालू दिला नाही, माझ्या हातातून काढून घेतला. इतकी वर्षं हेडसेट वापरलेली बाई ती. मी मदतनीस बाईकडे पाहून म्हणाले, “लावा परत. शेवटचं.” हॉलमधूनच आवाज आले, “लावा, लावा!” तिनं मुकाट्यानं लावलं.

ताईनं उजवी वाटी बाजूला सरकवली, उजव्या कानात बोट घट्ट दाबलं आणि डावी वाटी तळहातानं कानावर आवळून धरली. उभी राहिली. बराच वेळ. भाऊजी तिच्या तोंडाकडे बघत होते. सगळा हॉल बघत होता.

“शिट्टी,” ती शेवटी म्हणाली. “फक्त माझी शिट्टी ऐकू येतेय.”

मग तिनं बोट काढलं, उजवी वाटी कानावर ठेवली. तिचा चेहरा क्षणात बदलला. ते वादन तिला ऐकू आलं होतं, चांगल्या कानानं. मागच्या बैठकीतही त्याच कानानं आलं होतं. आवाज डोक्यात भरला, ‘डावा उघडेल’ हे मौनदादांनी आधीच मनात भरवलं होतं आणि तिला ते हवंच होतं. त्या हव्या असण्यानं बाकीचं काम केलं.

तिनं हेडफोन मौनदादांच्या हातात दिला. “गोळ्या का बंद करायला लावल्या?” तिनं विचारलं.

मौनदादांना त्या दिवशी पहिल्यांदा मौन साधलं.

आम्ही तिथून थेट डॉक्टरीणबाईंकडे गेलो. रिक्षात भाऊजी खिडकीबाहेर बघत रडत होते आणि ताईच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी तपासलं, उपचार पुन्हा सुरू केले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मधले दिवस वाया गेले. बघू किती परत मिळतं.”

थोडं परत मिळालं. जाड आवाज, गाड्यांची घरघर, पुरुषांची बोलणी डाव्या कानाला आता पुसट कळतात. बारीक आवाज कळत नाहीत, कळतील असं वाटतही नाही. गोळ्या चुकल्या नसत्या तर सगळं परत आलं असतं का? डॉक्टरीणबाई खात्रीनं सांगत नाहीत. खात्री नसताना खात्री देणारा माणूस त्या नव्हेत. मौनदादा होते.

हॉलवरची पाटी उतरली. दुसऱ्या कुठल्या हॉलवर, दुसऱ्या नावानं लागली असेल, याची मला शंका नाही. त्या चिडलेल्या बाईंनी मला रस्त्यात गाठून सुनावलं, “तुम्ही आमचं समाधान हिरावलंत.” मी त्यांना विचारलं, समाधानानं कुणाचा कान बरा झाला? त्या तरातरा निघून गेल्या. पण त्यांच्या नवऱ्याला परवा मी कानाच्या दवाखान्यात रांगेत पाहिलं.

वाचकहो, दुःखात सापडलेल्या माणसाला वेड्यात काढू नका. माझी ताई माझ्यापेक्षा हुशार आहे, तरी ती फसली, कारण तिला बरं व्हायचं होतं. पण चमत्कार सांगणारा कुणी भेटला तर त्याला दोन गोष्टी जरूर करायला लावा. ज्यातून चमत्कार होतो म्हणतो ती वस्तू जरा सुटी करून बघू द्या म्हणावं, आणि जे बरं झालं म्हणतो ते एकटं तपासू द्या म्हणावं. खरं असेल तर त्याचं काहीच बिघडत नाही. आणि ‘औषध थांबवा’ हे शब्द ज्याच्या तोंडून निघतील त्याच्याकडे पाठ फिरवा, दार गाठा आणि डॉक्टरांकडे जा. त्याच दिवशी.