पिवळ्या गोलामागचा आवाज

मित्रांनो, घाबरू नका. मी एक जुना सांगाडा आहे, पण कुणाचाही नाही. मी कधी जिवंत नव्हतो, त्यामुळे मेलोही नाही. एका कारखान्यात प्लॅस्टिक वितळवून साच्यांत ओतलं, हाडं गार झाल्यावर तारेने आणि स्क्रूने एकमेकांना जोडली आणि डोक्यात कडी बसवून मला चाकांच्या स्टँडवर टांगलं. तेव्हापासून मी या शाळेच्या प्रयोगशाळेत लटकतो आहे. पुस्तकात माणसाची हाडं दोनशे सहा लिहिलेली असतात. माझी तेवढी भरत नाहीत, कारण कवटीची बरीचशी हाडं एकाच साच्यात उरकली आहेत. कानाच्या आतलं, शरीरातलं सर्वांत छोटं हाड तर मला दिलेलंच नाही. तरी मला ऐकू येतं. कसं, ते मला ठाऊक नाही. मला न कळलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत. त्यातलीच एक आज सांगतो.

सुरुवातीला माझा थाट काय वर्णावा! नवा वर्ग आला की निम्मी मुलं दारातच थबकायची. धीट मुलं माझ्याशी हात मिळवायची. त्यांनीच माझं नाव 'हाडके सर' ठेवलं. कुणीतरी माझा जबडा इतक्या वेळा उघडला आणि मिटला की त्याची स्प्रिंग सैल झाली. तेव्हापासून माझं तोंड अर्धं उघडंच असतं. प्रयोगशाळेचे मामा मला पुसताना म्हणायचे, "तोंड कायम उघडं, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. असा माणूस मिळायचा नाही!"

मग भिंतीवर मोठा पडदा आला. त्यावर माणसाची कातडी, स्नायू, नसा एकेक करून सोलता येत. माझी रवानगी खिडकीजवळच्या कोपऱ्यात झाली. माझ्या खांद्यांवर प्रयोगशाळेचे पांढरे कोट लटकू लागले आणि बरगड्यांत धूळ साचली.

अशात आठवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे येऊ लागली. ती बोलताना अडखळायची. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच अडून बसायचा. वर्गाने तिचं नाव 'सावकाश' पाडलं होतं. तिच्या बाकावरच्या मैत्रिणीचं नाव होतं 'रेडिओ', कारण तिचं तोंड सकाळी सुरू झालं की घंटा होईपर्यंत बंद होत नसे. शाळेत विज्ञान प्रदर्शन होणार होतं. "हाडके सरांची माहिती पाहुण्यांना कोण सांगेल?" असं विज्ञानाच्या बाईंनी विचारलं, तेव्हा सावकाशने हात वर केला. वर्ग वळून बघत राहिला. बाईसुद्धा क्षणभर गोंधळल्या, पण त्यांनी तिचंच नाव लिहिलं.

ती रोज माझ्यासमोर सराव करायची. "न-नमस्कार. हे आमचे हाडके सर. मां... मां... मांडीचं हाड हे शरीरातलं सर्वांत लांब हाड." शब्द अडला की ती माझं मनगट धरून उभी राहायची. मला कसली घाई? हळूहळू अडखळणं कमी होत गेलं. एके दिवशी ती फक्त 'मांडी'पाशी अडली, बाकी सगळं सलग म्हणून गेली आणि मला वाकून नमस्कार करून हसत बाहेर पळाली. त्या वेळी खिडकीबाहेर रेडिओ उभी होती. प्रदर्शनाचे फोटो काढण्यासाठी बाईंनी तिला घरचा फोन आणू दिला होता. तो तिने वर धरला होता. मला वाटलं, बरं झालं, आपलाही फोटो निघाला.

त्यानंतर काहीतरी बिनसलं. मुलं माझ्याजवळ येऊन माझं मनगट धरायची, "मां-मां-मां-मांडी" असं चालीवर म्हणायची आणि पोट धरून हसायची. व्हिडिओ 'व्हायरल' झाला, असं ती म्हणत. मी आजवर व्हायरल हा शब्द तापाबद्दलच ऐकला होता. सावकाशने मधल्या सुट्टीत येणं बंद केलं. प्रदर्शनात मी बोलणार नाही, असं तिने बाईंना सांगितलं. तेही बोलून नव्हे, मान हलवून.

खरं सांगतो, मला काही उमगेना. सगळ्यांनी आपल्याला पाहिलं, यात एवढं वाईट काय? मला तर लोक बरगड्यांच्या आतपर्यंत पाहतात. माझा जन्मच त्यासाठी आहे.

पालकांच्या तक्रारी आल्यावर बाईंनी एक तास राखून ठेवला. पडदा प्रयोगशाळेत असल्याने वर्ग इथेच भरला. बाई नुकत्याच कॉलेजातून शिकून आलेल्या, तळमळीच्या. त्यांनी फळ्यावर ठळक लिहिलं, 'पाठवण्याआधी थांबा. विचार करा. विचारा.' मग म्हणाल्या, "आता एक उदाहरण दाखवते. चेहरा मी झाकलाय. म्हणजे कुणाची ओळख कळणार नाही."

पडद्यावर मी दिसलो. स्वतःला मी प्रथमच पाहत होतो आणि मला वाटतं, मी ताठ उभा होतो. माझ्या शेजारी गणवेश घातलेलं कुणीतरी होतं. त्याच्या डोक्याच्या जागी एक पिवळा गोल होता. तो गोल बोलू लागला, "नमस्कार. हे आमचे हाडके सर. मां... मां..."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. दोन मुलं त्याच आठवड्यात शाळेत आली होती. त्यांनी हा व्हिडिओ पाहिलेला नव्हता. त्यांतला एक जण आवाज ओळखून तिसऱ्या बाकाकडे वळला. "अरे, ही तर सावकाश!"

बाईंनी घाईघाईने बटण दाबलं. पडदा पांढरा झाला. मला वाटलं, संपलं. पण सावकाश उठून उभी राहिली.

"बाई, त... त... तु..."

"बाई, तिला म्हणायचंय की..." रेडिओ सुरू झाली.

सावकाशने तिच्या खांद्यावर हात दाबला. "म-मी बोलते." वर्ग थांबला. बाई थांबल्या. "तुम्हीपण मला व-विचारलं नाहीत."

"अगं, पण मी चेहरा झाकला होता ना..."

"आवाज म-माझाच आहे."

बाईंची नजर फळ्यावर गेली, आपल्याच अक्षरावर. त्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "चुकलं माझं. चेहरा झाकला म्हणजे तू झाकली गेलीस, असं मी धरून चालले. तुला आधी विचारायला हवं होतं."

हे ऐकून रेडिओला रडू फुटलं. "बाई, मीच काढला तो! पण हसायला नव्हता हो काढला. ती इतकं भारी बोलत होती! मी फक्त मावसबहिणीला पाठवला, आमची मैत्रीण बघ म्हणून."

मग एकेक जण बोलू लागला.

"मी फक्त आमच्या ग्रुपवर टाकला."

"व्हिडिओला गाणं मी नाही लावलं. मला लावलेलंच आलं."

"मी तर नुसता बदाम दिला, बाई. बदाम दिला तर काय बिघडलं?"

मी प्रत्येकाचं ऐकत होतो. प्रत्येकाने एवढंसंच केलं होतं. मग ते एवढं मोठं कुणी केलं? ही बेरीज माझ्या पोकळ डोक्यात आजही जुळत नाही.

"आपापल्या फोनमधून पुसून टाका," बाई म्हणाल्या.

"आम्ही पुसू. पण ज्यांना गेलाय त्यांचं काय?"

बाईंनी खोटा धीर दिला नाही. "ज्याला ज्याला पाठवलात, त्याला पुसायला सांगा. काही जण ऐकतील, काही नाही. गेलेलं सगळं परत आणता येईल, असं मी म्हणू शकत नाही."

तास संपला. रेडिओने हळूच विचारलं, "बोलशील ना माझ्याशी?"

"आत्ता नाही."

"मग कधी?"

"म-माहीत नाही."

सगळे गेल्यावर बाईंनी सावकाशला थांबवलं. "प्रदर्शनाचं दुसऱ्या कुणाला देऊ का? तू म्हणशील तसं." तिने माझ्याकडे पाहिलं. उत्तर यायला बराच वेळ लागला. बाई मध्ये एक शब्दही बोलल्या नाहीत.

"नको," ती म्हणाली. "म-मीच करते."

प्रदर्शनाच्या दिवशी मामांनी मला घासूनपुसून लख्ख केलं. माझ्यासमोर ही गर्दी! सावकाश पुढे आली आणि सगळ्यांचे हात एकदम वर गेले. फोनांची भिंतच उभी राहिली. तिचा चेहरा उतरला. रेडिओ बाजूला उभी होती, हात पाठीमागे बांधून, जन्मात प्रथमच गप्प.

"आधी फ-फोन खाली ठेवा," सावकाश म्हणाली.

"बाळा, फक्त एक छोटासा..." एक काका म्हणाले.

"न-नको काका. ऐका."

काका ओशाळले आणि त्यांनी फोन खिशात टाकला. बाकीचेही हात खाली आले. तेवढ्यात मागून एक मुलगा कुजबुजला, "हीच ती, व्हिडिओतली!" तिने ते ऐकलं. मी ऐकलं. 'मांडी'पाशी ती अडली, आणि या वेळी सरावात कधी अडली नव्हती इतकी अडली. पण ती हलली नाही, पळाली नाही. शब्द आपल्या वेळेने आला, आणि मग तिने माझ्या कवटीपासून पावलापर्यंत सगळी माहिती सांगितली. कुणीतरी प्रश्न विचारला, त्याचंही उत्तर दिलं.

मित्रांनो, तो व्हिडिओ अजूनही कुठेतरी फिरतो म्हणे. तिला कधीही न भेटलेलं कुणीतरी या क्षणी हसतही असेल. पडदा पांढरा झाला की चित्र गेलं, एवढंच मला कळत होतं. आता तेवढंही नक्की कळत नाही. एक गोष्ट मात्र थोडीफार समजू लागली आहे. त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती जे बोलली, ते माझ्यापुरतं होतं. मी कुणाला सांगणार नाही, या भरवशावर ती ते बोलली होती.

म्हणून हात जोडता येत नाहीत, तरी विनवतो. माझे फोटो हवे तेवढे काढा, माझी ना नाही. पण माझ्या शेजारी माणूस उभं असेल, तर आधी त्याला विचारा. आणि उत्तर द्यायला त्याला वेळ लागला, तर तोवर थांबा.