डावी सावली

पौषातली सकाळ. पंचगंगेच्या पाण्यावर धुकं अजून पाय मुडपून बसलेलं. पलीकडच्या शिवारात गुऱ्हाळं पेटलेली. चुलवाणांचा धूर, धूसर, मधुगंधी, मंदगामी, नदीवरून अलीकडे येत होता. आणि त्या धुरातून गाळलेलं ऊन तांबूस होऊन घाटाच्या पायऱ्यांवर सांडत होतं. तापल्या लोखंडाचा रंग निवताना असाच होतो.

त्या उन्हातून एक म्हातारी चालली होती. काळी, कृश, काटक. अक्काताई लोहार तिचं नाव. सत्तर वर्षं पाठीवर आणि कापडी पिशवी काखेत. पिशवीत दोनच वस्तू: खारीच्या शेपटीच्या केसांचा एक जुना ब्रश आणि घट्ट झाकणाची शाईची डबी.

ती शाई तिने स्वतः केली होती. आठ दिवस एरंडेलाचा दिवा लावला, तांब्याच्या ताटलीवर काजळी धरली, डिंकाच्या पाण्यात खलली. खलताना तिने ओवी म्हटली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. बत्त्याच्या प्रत्येक फेऱ्याला एकच नाव घेतलं. मनोहर शेणोलीकर. मनोहर शेणोलीकर. शाई होत गेली काळी, घनकाळी, गर्भकाळी.

नदीकाठच्या मंगल कार्यालयात आज लग्न नव्हतं, पण वऱ्हाड होतं. चित्रकथांचा मेळावा भरला होता. पुठ्ठ्याचे मुखवटे, साड्या फाडून शिवलेले झगे, सोनेरी कागदाच्या तलवारी. एसटीचा एक पोक्त कंडक्टर राक्षस होऊन आला होता आणि ओळखीच्या प्रवाशांना शिंगं सांभाळत चहा देत होता. साताऱ्याच्या एका दंतवैद्याने आपले सगळे अंक कडुनिंबाच्या पाल्यात घालून आणले होते. पान उलटताना तो श्वास धरायचा. कुठल्या अंकात कुठला घोडा लंगडला, कुठल्या चौकटीत चंद्र दोनदा उगवला, या माणसांना सगळं पाठ.

आणि भिंतींपाशी बसले होते चित्रकार. तरुण, म्हातारे, नामवंत, अनाम. कुणाची बोटं निळी, कुणाची पिवळी. समोर रांगा. रांगेतला प्रत्येक जण आपल्या बालपणाची एक चौकट उराशी धरून उभा, आणि चित्रकार तिच्यावर आपलं नाव लिहून देत होता. नाव. नाव. नाव. अक्काताईच्या कानात ब्रशाच्या सळसळीतून तेवढंच वाजत होतं.

व्यासपीठावर भिंतभर पांढरा कागद ताणलेला होता. या मेळाव्याचा एक रिवाज होता. दर वर्षी एका वीराचा मान असायचा. त्याच्या निर्मात्याने सर्वांसमोर त्याला कागदावर उतरवायचं आणि खाली नाव लिहायचं. मेळाव्याच्या घरात तो कागद कायमचा टांगला जाई. यंदा मान होता काजळ्याचा. आणि यंदाचा कागद काजळ्याच्या निवडक कथांच्या नव्या ग्रंथाचं पहिलं पान होणार होता. आज खाली जे नाव पडेल तेच राहील, माणसं गेल्यावरही राहील. हे अक्काताईला ठाऊक होतं. त्यासाठीच ती आली होती.

काजळ्या. भट्टीच्या काजळीतून जन्मलेला वीर. त्याला ना घोडा, ना तलवार. जो अन्याय करी, त्याच्याच सावलीतून काजळ्या वर येई. आधी हात, मग खांदे, मग ते दोन पांढरे डोळे. बावीस वर्षं दर महिन्याला तो असा वर आला, आणि महाराष्ट्रभरची पोरं आपापल्या सावलीकडे वळून पाहू लागली.

लोकांना वाटे, त्याला शेणोलीकर जन्माला घालतात.

शेणोलीकर काढायचे चार रेघा. पेन्सिलीच्या, पुसट, घाईच्या. इथे डोकं, इथे खांदा, इथे वाडा. मग फुग्यांमध्ये संवाद लिहायचे आणि कागद मागच्या खोलीत सरकवायचे. त्या खोलीत बसायची अक्काताई. सतराव्या वर्षी ब्रश धुवायला म्हणून आली होती. एके दिवशी धुतलेल्या ब्रशाने तिने चित्रातल्या एका कोऱ्या पाठीवर सावली घातली, आणि शेणोलीकरांनी तो कागद बराच वेळ पाहिला. त्या दिवसापासून काळं सगळं तिचं झालं. रात्री तिच्या, गुहा तिच्या, डोळ्यांखालची वर्तुळं तिची. तिला अक्षर येत नव्हतं. फुग्यांत कोण काय बोलतंय ते कळत नव्हतं. पण लोहाराच्या लेकीला काळं कळत होतं. कोळशाचं काळं वेगळं, लोखंडाचं वेगळं, विझल्या भट्टीचं वेगळं, हे ती बापाच्या भात्याशी बसून शिकली होती.

ती डावखुरी होती. त्यासाठी लहानपणी हातावर चटके खाल्लेली, तरी डावखुरीच राहिलेली. उजव्या हाताची रेघ उजवीकडून डावीकडे उतरते. तिची रेघ डावीकडून उजवीकडे उतरे, दाट, तिरकी, अथक, हजारो रेघा एकाच कलाने, वाऱ्याने झुकलेल्या गवतासारख्या. वाचकांनी तिला नाव दिलं होतं: डावी सावली. एकाने पत्र पाठवून विचारलं, सावली अशी उलटी का कलते? माझी शैली, असं शेणोलीकरांनी छापून उत्तर दिलं.

एकदा, विसाव्या वर्षी, काजळ्याचा पहिला अंक हातात असताना, मुखपृष्ठाच्या तळाशी असलेल्या अक्षरांच्या ओळीवर तिने बोट ठेवलं होतं.

"ह्ये काय लिवलंय, सायेब?"

शेणोलीकरांनी मान वर केली नव्हती. पेन्सिलीला टोक काढता काढता म्हणाले होते,

"तुझंच नाव आहे, अक्काताई."

ती त्या दिवशी घरी गेली ती जमिनीवरून नव्हे. नवऱ्याला ओळ दाखवली; त्यालाही वाचता येत नव्हतं, त्याने ओळीला हात जोडले. तिने बोट कुंकवात बुडवलं आणि त्या ओळीवर टेकवलं. मग दर महिन्याला अंक आला की कुंकू. बावीस वर्षं कुंकू. लेक वाचायला शिकला तोवर अंक पेटीत गेले होते, पेटी माळ्यावर गेली होती, आणि स्वतःचं नाव कुणाकडून वाचून घ्यायचं असतं हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

एकोणसाठाव्या वर्षी ती अक्षरं शिकली. शाळेच्या पडवीत बायकांचा वर्ग भरे, तिथे. अक्षर अक्षराला जोडता आलं त्या दिवशी तिने पेटी उतरवली. सर्वांत वरचा अंक घेतला. सुकलेलं कुंकू नखाने खरवडलं. कुंकवाखालून म वर आला. मग नो. मग ह. मग र.

तिने दुसरा अंक खरवडला. तिसरा. संध्याकाळपर्यंत तिची नखं लाल झाली होती, आणि मांडीवर बावीस वर्षांचं कुंकू सांडलं होतं. परक्या नावाला लावलेलं कुंकू.

त्यानंतर अकरा वर्षं ती रडली नाही. राग लोखंडासारखा असतो, हे तिला माहीत होतं. तापल्या तापल्या हाणला तर ठिणग्या उडतात नि संपतं. तिने तो निखाऱ्यात ठेवला. राखेखाली. भाता हळू. घाई नाही.

*

शेणोलीकरांना धरून व्यासपीठावर आणलं. चौऱ्याऐंशी वर्षांची गौर, रेशमी, सुगंधित म्हातारी मूर्ती. डोळ्यांत काचबिंदू, हातभर अंतरावरचं कसंबसं दिसे, पलीकडे सगळं धुकं. टाळ्या झाल्या, शाल झाली. ते म्हणाले की काजळ्या त्यांच्या एकांताचं अपत्य आहे. लोकांचे डोळे भरले. अक्काताईचे कोरडे.

मग त्यांच्या हाती ब्रश दिला. कागदाला नाक लावून त्यांनी चार रेघा काढल्या. डोकं, खांदा. हात कापत होता, तरी घडण ओळखीची होती, सभागृह सुखावलं. आता सावली. पन्नास वर्षांत त्यांनी एकदाही सावली घातली नव्हती. ती कुठे कलते हेही त्यांनी कधी नीट पाहिलं नव्हतं. कागद मागच्या खोलीतून परत यायचा तेव्हा छापखान्याला जाणारं पाकीट तयार असायचं. त्यांनी रेघा ओढल्या. उजवीकडून डावीकडे.

पहिली रेघ. दुसरी. तिसरी.

सभागृहात काहीतरी थांबलं. राक्षसाने चहाची किटली खाली ठेवली. दंतवैद्याने आपल्या मांडीवरचा अंक उघडला, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा अंकाकडे पाहिलं. रांगेरांगेतून अंक उघडत गेले, पानं फडफडली, जणू झाडावरून एकदम पाखरं उठली. ज्यांनी त्या सावलीखाली बालपण काढलं त्यांना परकी सावली अंगावर पडलेली कळते.

मेळाव्याची चिटणीस मृण्मयी चौगुले, स्वतः काजळ्याच्या वेषात, तोंडाला काजळी फासलेली, पुढे झाली. हलक्या आवाजात तिने विचारलं की सर, सावली नेहमीसारखी का नाही? शेणोलीकर हसले, म्हणाले वय झालं, हात ऐकत नाही, उरलेलं तुम्ही पोरांनी पुरं करा, खाली नावही घाला. त्यांना दहा हातांवरच्या खुर्चीत नेऊन बसवलं.

तेव्हा म्हातारी उठली.

तिला कुणी अडवलं नाही. पायऱ्या चढून ती कागदापाशी गेली, डबी उघडली, आणि ब्रश डाव्या हातात घेतला. तेवढ्यानेच पहिली रांग उभी राहिली.

तिने रेघ ओढली. डावीकडून उजवीकडे. मग दुसरी. मग शंभर. सत्तर वर्षांचा हात कापला नाही. खांदे भरले, मान भरली, शेणोलीकरांच्या गरीब रेघा त्या काळ्यात बुडाल्या, परक्या तीन रेघाही बुडाल्या. काळं चढत गेलं, कोळशाचं, लोखंडाचं, विझल्या भट्टीचं. आणि मग त्या काळ्यात तिने दोन जागा कोऱ्या सोडल्या, आणि त्या कोऱ्या जागांतून काजळ्याने डोळे उघडले.

कंडक्टरच्या गालावरून राक्षसाचा हिरवा रंग ओघळत होता.

मृण्मयी तिच्या कानाशी वाकली. तिने नाव विचारलं, आणि ते खाली लिहायला स्वतःचं पेन काढलं. अक्काताईने ते बाजूला सारलं.

"ऱ्हाऊ दे, बाळ. मला लिवता येतं."

आणि तिने लिहिलं. अक्षरं मोठी, ओबडधोबड, घणाखाली घडवल्यासारखी. अ. क्का. ता. ई. मग लोहार. वरची शिरोरेघ तिने शेवटी ओढली, एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मग टाळ्या. शाल पडली तेव्हाच्या टाळ्या सभ्य होत्या. या टाळ्या छत हलवणाऱ्या होत्या, त्या थांबेनात. कागदी तलवारी वर गेल्या, मुखवटे उतरले, माणसं खुर्च्यांवर चढली.

खुर्चीत शेणोलीकर उजळले. टाळ्यांच्या दिशेला त्यांनी दोन्ही हात जोडले. समोरच्या पांढऱ्या धुक्यात त्यांना एक काळा डाग दिसत होता, मोठा, सुंदर, आणि त्याच्याखाली काही ओळ. जवळून कुणीतरी जात होतं. त्यांनी त्या पदराच्या सळसळीला विचारलं,

"खाली काय लिहिलंय हो?"

मृण्मयीने तोंड उघडलं. अक्काताईने तिच्याकडे फक्त पाहिलं, आणि तिने तोंड मिटलं. पहिल्या रांगेने मिटलं. मागच्या रांगांना काय घडतंय ते कळलं नव्हतं, तरी त्यांच्याही टाळ्या विरत विरत थांबल्या. सभागृहात एवढी शांतता झाली की नदीपलीकडच्या गुऱ्हाळाचं इंजिन ऐकू आलं.

म्हातारी खुर्चीशी वाकली. पन्नास वर्षं सांभाळलेलं वाक्य तिने, जसं मिळालं होतं तसं, परत केलं. हलकेच. जवळजवळ मायेने.

"तुमचंच नाव हाय, सायेब."

शेणोलीकर हसले. मग हसू ओठांवर तसंच राहिलं आणि त्या हसण्याखालचा चेहरा निघून गेला. त्यांनी तो आवाज ओळखला. ते वाक्य ओळखलं. जोडलेले हात सुटे झाले, हवेत काही चाचपडू लागले, आणि तिथे कुणी नव्हतं.

ती पायऱ्या उतरून गेली होती. दारातून ऊन आत येत होतं, तांबूस, तिरपं, गुळाच्या धुराने जड झालेलं. त्या उन्हाने खुर्चीतल्या माणसाची सावली फरशीवर टाकली, लांब टाकली, भिंतीपर्यंत नेली. ती सावली डावीकडून उजवीकडे कलली होती. आणि जिथे तिचं टोक भिंतीला टेकत होतं, तिथे, अजून ओल्या, अजून न वाळलेल्या काळ्यातून, दोन पांढरे डोळे त्याच्याकडे पाहत होते, पाहत होते, पाहत राहिले.