उलट्या बाजूचा काउंटर

डॉक्टर महेबूबच्या डाव्या बाजूला उभं राहून काहीतरी बोलले. तो ताठ झाला, "जी साहेब" म्हणाला आणि शहाळ्याच्या पाण्याची पिशवी घेऊन बायकोच्या, हाजराच्या खोलीकडे निघाला. तोफखान्याच्या नोकरीत डावा कान गेला होता. ऐकू आलं नाही तरी "जी साहेब" म्हणायची सवय तेवढी राहिली होती. दारात मेहुणा रिझवानने त्याला धरलं आणि उजव्या कानाशी येऊन तेच पुन्हा सांगितलं.

हाजरा गेल्याचा चाळिसावा झाल्यावर महेबूब कॉलेज रोडला कंपनीच्या ऑफिसात गेला. घ्यायची ठरलेली चहा-बेकरीची फ्रँचायझी आता नको, एवढंच त्याला सांगायचं होतं.

हे दुकानाचं हाजराच्याच डोक्यातून निघालं होतं. झांशी, जम्मू, जिथे बदली होईल तिथल्या क्वार्टरमध्ये ती पत्र्याच्या डब्यात वाळू तापवून नानकटाई भाजायची. वास सुटला की शेजारच्या बायका काही ना काही निमित्त काढून यायच्या. बाजारात ती कायम त्याच्या उजव्या हाताला चालायची आणि दुकानदार काय म्हणाला ते हळूच सांगायची. कंपनीच्या दुकानात मात्र माल तयार यायचा. गणवेश ठरलेला, भिंतीचा रंग ठरलेला, कप कुठे ठेवायचा तेही ठरलेलं. महेबूबला ते फार पसंत पडलं. ती हसली होती.

"सुटलात म्हणता म्हणता पुन्हा भरतीच्या रांगेत. या वेळी मीही भरती होते."

ट्रेनिंगला दोन माणसं लागत. दोघांनी आपलीच नावं दिली होती. गिऱ्हाईक ती बघेल आणि आपण आत माल लावू, असं महेबूबने मनाशी धरलं होतं.

ऑफिसातला ललित त्याच्या मुलाच्या वयाचा होता. महेबूब बसताच ललितने आपली खुर्ची उचलली आणि त्याच्या उजव्या बाजूला आणून ठेवली.

"मॅडमनी बजावलं होतं," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं ते महेबूबला ठाऊक नव्हतं. कंपनीच्या सगळ्या दुकानांत काउंटर एकाच बाजूला असतो. त्यांच्या देवळाली कॅम्पच्या गाळ्यात तो उलट्या बाजूला हवा, म्हणून हाजरा फोनवर फोन करत होती. नियमात बसत नाही, असं ललितने किती वेळा सांगितलं. शेवटी वैतागून त्यानेच वरून परवानगी आणली.

"मी विचारलं, मॅडम, एवढं काय अडलंय? तर म्हणाल्या, गल्ल्यावर सुभेदारच बसणार. गिऱ्हाईक त्यांच्या उजवीकडून यायला पाहिजे. मी आत असले तर त्यांना कोण सांगणार?"

महेबूबने टोपी काढून मांडीवर ठेवली. तिची कड तो बराच वेळ सरळ करत राहिला.

"ट्रेनिंग कधी आहे?"

"सोमवारपासून. पण सुभेदार साहेब, दुसरं नाव कोणाचं घालू?"

प्रश्न नीट ऐकू आला होता. तरी तो "जी साहेब" म्हणाला आणि उठला.

सोमवारी तो एकटाच गेला. दुसरं नाव द्यायचं अजून राहिलं आहे.