जुलियानाबाईंची चूक

"लाजायचं नाही हं! जी आपली चूक सगळ्यांसमोर कबूल करते, तीच खरी लीडर," मुंबईहून आलेल्या ट्रेनर मॅडम म्हणाल्या आणि हाताचा खडू झटकून आमच्यासमोर बसल्या.

आम्ही वीस जणी सतरंजीवर गोल करून बसलो होतो. आमच्या संस्थेच्या वसई-नालासोपाऱ्यात सात बालवाड्या. दोन हजार चारचा मे महिना, डोक्यावर पत्रा, अंगाला घामाच्या धारा. शिबिर संपलं की सातही बालवाड्यांवर एक मुख्य बाई नेमणार, हे सेक्रेटरी दिनानाथ सरांनी आधीच जाहीर केलेलं. सर मागे खुर्ची टाकून कोण काय बोलतंय ते टिपत होते. ते जुलियानाबाईंच्या लक्षात आलं नाही. बाकी सगळ्यांच्या आलं.

म्हणून आम्ही कसल्या चुका सांगितल्या, ऐका. ॲनी म्हणाली, "मी मुलांना फार जीव लावते." दुसरी म्हणाली, "मी घरीही बालवाडीचाच विचार करते." आणि मी, विनया, मान खाली घालून म्हणाले, "मला काम अर्धवट टाकून उठवतच नाही." उठवतच नाही म्हणे! टाळ्या पडल्या.

मग जुलियानाबाई उभ्या राहिल्या. मूळच्या गिरीजच्या, वय छप्पन्न, आचोळ्याच्या बालवाडीत एकवीस वर्षं. मला हाताला धरून काम शिकवलं ते त्यांनीच. दर शनिवारी चर्चमध्ये फादरपुढे कुमसार करणारी बाई. पाप तोंडानं सांगितलं की माणूस सुटतो, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. शिबिरातही तसंच असतं असं त्यांना वाटलं.

"माझ्याकडून एक पोर बालवाडीत कोंडलं गेलं होतं," त्या म्हणाल्या. "चौऱ्याण्णव साली. दोन तास."

वहीनं वारा घेणारे हात थांबले. सरांचं पेन मात्र चालू होतं.

आता खरं काय झालं ते मी सांगते. दुपारी बारा वाजता आम्ही मुलांना घरोघर पोचवायला निघायचो. एक लांब दोरी, तिला हातभर अंतरावर गाठी, एकेका मुलानं एकेक गाठ धरायची. पुढचं टोक बाईंच्या हातात, मागचं माझ्या. मला कामाला लागून जेमतेम महिना झाला होता. गाठ रिकामी दिसली की जागच्या जागी थांबायचं आणि मुलं मोजायची, हा बाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलेला धडा. त्या दिवशी माझ्या पुढचीच, ऋतिकाची, गाठ रिकामी होती. मला दिसली. ऋतिकाला तिची आई घेऊन गेली असेल, असं मी मनाला सांगितलं. ऊन होतं, पोटात कावळे ओरडत होते. आणि कुलूपही मीच लावलं होतं.

ऋतिका चटयांच्या मागे झोपली होती. दोन वाजता तिची आई बोंबलत आली, कुलूप काढलं, तर पोर रडून रडून आवाज बसलेलं, ओलं, भिंतीला चिकटलेलं. बाईंनी त्या आईचे पाय धरले. "वर्ग माझा, चूक माझी." मला एका शब्दानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असंच वाटलं मला.

"ग्रेट! किती धाडस!" मॅडमनी टाळ्या वाजवल्या. बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. चेहरा कसा हलका झाला होता!

"बरं वाटलं गं," त्या कुजबुजल्या. "विनया, मला हे काम हवंय. जूनमध्ये रडून आकांत करणारी पोरं कशी घ्यायची, नव्या पोरींना कुणी सांगतच नाही. सातही ठिकाणी जाऊन मी शिकवीन."

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. मी त्यांना पाणी आणून दिलं.

चार दिवसांनी सरांनी आम्हा दोघींना बोलावलं.

"बाई, आता पालक पूर्वीसारखे राहिले नाहीत, कोर्टात खेचतील. मूल कोंडलेली बाई मुख्य म्हणून कशी नेमू? वर्गावरसुद्धा ठेवता येत नाही. जूनपासून तुम्ही मदतनीस. खाऊ वाटायचा, मुलांचे हातपाय धुवायचे."

"पण सर, त्या मॅडम म्हणाल्या, चूक सांगते तीच..."

"मॅडम गेल्या मुंबईला. मुख्य बाई विनया. तुमच्याच हाताखाली तयार झाली ना? तुम्हाला तर आनंद व्हायला हवा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हो. चांगली तयार झाली," त्या म्हणाल्या.

ऑगस्टमध्ये तपासणीला मी आचोळ्याला गेले. मागच्या मोरीत बाई एका चिखलानं माखलेल्या पोराचे पाय धूत होत्या. मला राहवलं नाही.

"बाई, ती गाठ रिकामी होती, हे मला दिसलं होतं."

"ठाऊक आहे. तोंडावरून कळतं माणसाच्या."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबले. त्या दिवशी वीस जणी होत्या समोर. वाटलं, मी सुरुवात केली की तू उठशील."

मला रडू फुटलं. "मी सरांना सांगते. सगळं सांगते."

"जा मग." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "रिक्षा आहे ना बाहेर तुझी? आत्ता जा."

त्या बघत राहिल्या. पोरगंही माझ्याकडे बघत राहिलं. मी डोळे पुसले, घड्याळ पाहिलं.

"आज राजोडीची तपासणी आहे हो बाई. पुढच्या आठवड्यात नक्की."

"बरं, मॅडम," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पोराचा दुसरा पाय हातात घेतला.

मी तिथंच उभ्या उभ्या फॉर्म भरला. मदतनीस या रकान्यापुढे लिहिलं: काम समाधानकारक. मग पेन पुढे केलं. ओले हात पदराला नीट पुसून त्यांनी मी दाखवलं तिथे सही केली.