पयला साकव होऊदे

धाकूतात्या म्हणजे गावाचं गाऱ्हाणं घालणारा माणूस. कुणाची म्हैस व्यायली, कुणाच्या घराचा पाया खणला, की लोक नारळ घेऊन तात्यांच्या दारात हजर. मग तात्या देवाला हाक मारून सगळ्यांच्या वतीने बोलणार आणि दर वाक्याला जमलेले म्हणणार, "होय म्हाराजा." वय चौऱ्याहत्तर, पण आवाज असा की पऱ्यापलीकडच्या वाडीत ऐकू जावा.

तर भानगड होती ती ह्या पऱ्याचीच, म्हणजे गावामधून वाहणाऱ्या ओढ्याची. तात्यांची बायको जनी आणि तिची धाकटी बहीण कमळा, दोघी एकाच गावात दिलेल्या, मध्ये हा पऱ्या. त्यावर ये-जा करायला पोफळीच्या खोडांचा साकव होता, दर तिसऱ्या वर्षी गाववाले खोडं बदलायचे, मजेत चालायचं. पण वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, बंगल्यांची कंपनी आली, जेसीबीने कातळ सपाट केला, आणि तेव्हापासून पावसाचं पाणी असं धाडकन खाली यायला लागलं की दोन पावसाळ्यांत दोन साकव गेले. जनीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, रस्त्याने वळसा चार किलोमीटरचा. मग काय, दोघी संध्याकाळी आपापल्या काठावर उभ्या राहून ओरडून बोलायच्या. पाणी मोठं असलं की नुसते हातवारे. एकदा कमळाने पातेलं वर धरून दाखवलं, जनीला काही उमगेना. दोन दिवस तिचं तेच, काय केलंन असेल गो हिने?

सरपंच होती मृणाली, अठ्ठावीस वर्षांची. ग्रामसभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, "वर साठ बंगले होणार. त्यांच्या गाड्या आपल्या रस्त्यावर, त्यांचं पाणी आपल्या पऱ्यात. तर दर बंगल्यामागे कंपनीने गावाला विकास शुल्क भरायचं. त्यातून आधी पक्का साकव, मग बाकीचं."

कंपनीचा मॅनेजर गुरुप्रसाद, आपल्या देवरूखचाच, बोलायला एकदम गोड. "शुल्काचं कशाला काढता ताई? कंपनी देवळाला दगडी कमान देते की. वर तात्यांच्या वडलांचं नाव."

झालं. तात्यांचा हात कमानीसाठी वर गेला, आणि तात्यांचा बघून अजून वीस गेले. मृणालीने विषय पुढच्या सभेवर टाकला.

घरी जनीने गपचूप पेज वाढली.

"बोल की गो कायतरी."

"काय बोलू? चांगली होईल कमान."

"टोमणा मारतेस."

"नाय हो. मामंजींचं नाव लागलं तर मला नको आहे का?" मग लोणच्याची बरणी पुढे सरकवत म्हणाली, "कमळीला हल्ली ऐकू कमी येतं. मी ओरडते नि ती पलीकडून आँ, आँ करते. आता ओरडून पण उपयोग नाय."

इतकं साधं बोलली ती, की तात्यांनी अर्धी पेज तशीच ठेवून हात धुतला.

आठवड्याने सड्यावर बंगल्यांचं भूमिपूजन. समोर सगळा गाव, कंपनीची माणसं, पुढे गुरुप्रसाद हात जोडून. तात्यांनी नारळ धरला. "बा देवा म्हाराजा, ही मंडळी इथे घरं बांधतायत, त्यांना यश दे."

"होय म्हाराजा."

"कामगारांच्या हातापायाला इजा होऊ देऊ नको."

"होय म्हाराजा."

आणि तात्या थांबले. तीस वर्षांत कधी मध्येच थांबले नव्हते. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"आणि म्हाराजा, माझी चूक झाली. बापाच्या नावासाठी मी हात वर केला. बाप माझा साकवाची खोडं खांद्यावरून आणायचा, त्याला कमान नको असेल. खाली दोन म्हाताऱ्या बहिणी काठाकाठाला उभ्या असतात. एकीला चालवत नाय, एकीला ऐकू येत नाय. तर ह्या कंपनीला बुद्धी दे. जेवढे बंगले, तेवढं शुल्क भरूदे, नि पयला साकव होऊदे."

"होय म्हाराजा."

आणि त्यात सगळ्यांत खणखणीत आवाज कुणाचा, तर गुरुप्रसादचा. लहानपणापासूनची सवय, दुसरं काय. तोंडातून निघून गेलं आणि मग त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

जरा वेळाने तो बाजूला फोनवर बोलत होता. "साहेब, मी देवापुढे होय म्हटलंय... हो, सगळेच म्हणाले, पण मी पण... नाय साहेब, मला परत नाय घेता येणार. तुम्हीच या, इथे उभं राहून नाय म्हणा."

साहेब काही आले नाहीत. पुढच्या सभेत शुल्काचा ठराव आला तेव्हा तात्यांचा हात पहिला, आणि त्या वीस जणांचेही मागोमाग. कंपनीने पहिला हप्ता भरला.

मार्चमध्ये साकव झाला, काँक्रीटचा, दोन्हीकडे धरायला कठडा. तात्या नारळ घेऊन काठावर उभे, गाव जमतोय, आणि जनी थांबायलाच तयार नाही. काठी टेकत टेकत निघाली पण. पलीकडून कमळा. बरोबर मधोमध दोघी भेटल्या आणि तिथेच फतकल मारून बसल्या.

जनीने तिच्या कानाशी तोंड नेलं. "त्या दिवशी पातेल्यात काय होतं गो?"

"काय असणार? रिकामं होतं. तू आलीस तर काय शिजवू, ते विचारत होते."

इकडे तात्यांनी घसा खाकरला. "घालू का गाऱ्हाणं?"

"थांबा जरा तात्या," मृणाली म्हणाली.

तात्यांनी नारळ खाली ठेवला आणि काठावरच बसून राहिले.