बेबीची जागा

अपंग-वृद्धांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्राच्या गाडीचा चालक गाडी इतकी सावकाश हाकायचा की, एकदा म्हणे वळणावर गोगलगाईने मागून हॉर्न दिला. तिने हॉर्न कुठून आणला ते विचारू नका. तोंड वाकडं करून ती पुढे निघून गेली, एवढं खरं. तेव्हापासून गाडीतले बाराही जण त्याला गोगलगाय म्हणत. त्याला राग नव्हता. कुणाच्या मानेला खड्डा सोसत नसे, कुणाच्या पाठीला. बेबीला तर वेगच सोसत नसे.

बेबी बेचाळीस वर्षांची, पण मन पाच-सहा वर्षांपाशीच थांबलेलं. रोज सकाळी म्हातारे वडील तिला फाटकाशी आणून उभी करत. ती चालकामागच्या खिडकीशी बसे आणि म्हणे, "उशीर झाला." मगच गाडी हलायची. दिवसभर ती केंद्रात कागदी पिशव्या चिकटवी. तेवढ्या वेळात वडील दोन घास शिजवत आणि घटकाभर पाठ टेकत.

यंदा केंद्राच्या कार्यालयाने ठरवलं, ज्याला चालता येतं त्याला गाडी नाही. कोण चालतं ते पाहायला तपासनीस बाई येणार होत्या.

वडिलांना ही परीक्षाच वाटली, पास झालं की जागा राहील अशी. लेकीची आजवर कुणी परीक्षा घेतली होती कुठे? आठ दिवस त्यांनी तिला फाटकापासून कोपऱ्यावर थांबवलेल्या गाडीपर्यंत चालवलं. तपासणीच्या दिवशी तिच्या कपड्यांना कडक इस्त्री होती.

कोपऱ्यावर गाडी उभी होती, शेजारी तपासनीस बाई. बेबी एकटी, ताठ मानेने, दोनशे पावलं चालत आली आणि तिने दाराला हात लावला. चालता येतं असं दाखवू नका, म्हणून चालकाने वडिलांना मानेने, डोळ्यांनी खुणावून पाहिलं. त्यांना वाटलं, कौतुक करतोय.

"छान चालते की," बाई म्हणाल्या.

"मग? केंद्रापर्यंतसुद्धा जाईल," वडील म्हणाले.

बाईंनी ते लिहून घेतलं.

सोमवारी यादीत अकरा नावं होती. सकाळी गाडी फाटकावरून पुढे गेली तेव्हा बेबी उभी होती. संध्याकाळी परतली तेव्हाही उभीच होती. शेजारी स्टुलावर वडील.

चालक खाली उतरला. "काका, गेला नाहीत?"

"पाऊलच उचलत नाही रे. त्या दिवशी कशी चालली."

"त्या दिवशी कोपऱ्यावर गाडी होती, काका."

म्हाताऱ्याने कोपऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे तिची जागा मीच घालवली."

फेरतपासणी वर्षाने होती.

मंगळवारी त्याने फाटकाशी गाडी थांबवून दार उघडलं.

"यादीत नाव नाही," वडील म्हणाले. "तुझी नोकरी जाईल."

"गेली तरी हळूहळूच जाईल, काका. माझं सगळंच सावकाश ना."

मागच्या बाकावरचा निवृत्त पोस्टमन खाकरला. "नाव पुसलं गेलं तरी आम्ही पत्र पोहोचवायचो. चढव रे तिला, गोगलगायी."

बेबी खिडकीशी बसली. सगळे तिच्या दोन शब्दांची वाट बघत राहिले. ती बाहेर बघत होती.

"काल आला नाहीस," ती म्हणाली.

चालकाने आरसा उगाच सारखा केला.

"उशीर झाला," शेवटी तोच म्हणाला, आणि गाडी हलली.

केंद्राच्या दाराशी त्याने हजेरीचा कागद गुडघ्यावर घेतला आणि माणसांच्या रकान्यात ठळक अक्षरात लिहिलं, बारा.