एकच पट्टी, दोन आवाज

मित्रांनो, मी एक जुना सिंथेसायझर आहे. जुना म्हटलं की लोक लगेच 'बिचारा' म्हणून मोकळे होतात. मला ते चालत नाही. माझं एक बटण हरवलं आहे, काही पट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत, पण आवाज अजून खणखणीत आहे. तेव्हा कीव करायची हौस असेल तर दुसरीकडे करा आणि माझी हकिगत नीट ऐका.

कारखान्यात एका बाईने माझी एकेक पट्टी दाबून पाहिली आणि "हा छान बोलतो" असं म्हणून मला खोक्यात घातलं. बासरीला फुंकर लागते, ढोलाला थाप लागते. मी विजेतून सूर घडवतो. बटण जरा फिरवलं की तोच सूर कधी सायीसारखा मऊ होतो, कधी करवतीसारखा कातरत जातो.

मला घरी आणलं ते एका मावशीने. नाटकाच्या कंपनीत तिने अर्धं आयुष्य पेटी आणि कीबोर्ड वाजवले होते. मग तिला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. रबरी चेंडू दाबून दाबून तिने तो हात पुन्हा कामाला लावला. त्याच सुमारास कंपनीतून एका बालनाट्याच्या संगीताचं काम आलं. घरी बसून वाजवायचं आणि रेकॉर्ड करून पाठवायचं होतं, त्यासाठीच तिने मला विकत घेतलं. हे जमलं नाही तर पुन्हा वाद्याला हात लावायचा नाही, असं मावशीने ठरवून टाकलं होतं.

जुळणी केली तिच्या भाच्याने. तो बँकेतले कॉम्प्युटर सांभाळायचा. इस्त्रीच्या टेबलावर मी, शेजारी कॉम्प्युटर, दोन्ही बाजूंना स्पीकर. माझा आवाज स्पीकरकडे नेणाऱ्या दोन जाड वायरी होत्या. तिसरी बारीक वायर, कोणती पट्टी दाबली ते कॉम्प्युटरला कळवणारी आणि त्याचे निरोप माझ्याकडे आणणारी. "स्टुडिओ म्हणायचा की लोकरीचा गुंडा?" भाच्याच्या आईने विचारलं. ही मावशीची थोरली बहीण. घरात तिला सगळे माई म्हणत.

या घराची एक रीत होती. ज्याचं वाद्य त्यानेच वाजवायचं, दुसऱ्याने पट्टीला बोटसुद्धा लावायचं नाही. म्हणून भाच्याने माझी परीक्षा घेतली ती कॉम्प्युटरवरून. पडद्यावर सूर मांडले, मी ते स्वच्छ वाजवले. सगळं ठीक आहे म्हणून तो खूश झाला.

मग मावशी बसली. तिने एक पट्टी दाबली आणि एका सुरामागे लगेच तोच सूर पुन्हा आला. दुसरी दाबली, तेच. तिचा चेहरा उतरला. भाच्याने ते रेकॉर्डिंग परत लावलं, तर एकेकच सूर स्वच्छ आला.

"बघ मावशी, कॉम्प्युटरने सुधारून घेतलं," तो समजुतीने म्हणाला. "बोट थरथरलं तरी काळजी नाही."

"थरथरतंय ना?"

"थोडंसं. होतं तसं."

माई म्हणाली, "आता पुरे कर बाई. विश्रांती घे."

मित्रांनो, माझा नुसता जळफळाट झाला! ते बोट अजिबात थरथरत नव्हतं. माझ्याइतकं ते कुणाला कळणार? पट्टी एकदाच खाली जात होती. मी ती लगेच वाजवत होतो. तीच खबर बारीक वायरीने कॉम्प्युटरकडे जात होती, आणि तो शहाणा ती माझ्याकडेच परत पाठवत होता. आज्ञा आली की वाजवायचं, हा माझा धर्म. मी पुन्हा वाजवत होतो. रेकॉर्डिंग लावलं की मात्र पट्टी कुणी दाबत नसे, नुसता कॉम्प्युटरचा निरोप यायचा, म्हणून सूर एकदाच वाजायचा. दोष जुळणीत होता आणि बोल लागत होता एका बाईच्या हाताला. सगळे तिच्याशी इतकं गोड बोलत होते की मला किंचाळावंसं वाटलं. पण दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही.

मावशीने चार दिवस मला झाकून ठेवलं. मग भाच्याला बोलावलं. "हा दुकानात परत देऊन टाक. कॉम्प्युटरच सुधारणार असेल तर मी कशाला हवी?"

भाचा वायरीला हात घालणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांब. आधी तू वाजव."

"मी? तुझ्या वाद्यावर?"

"रीत मीच मोडतेय ना? दाब."

त्याने घाबरत घाबरत एक पट्टी दाबली. सूर दोनदा वाजला.

"काय रे," मावशी म्हणाली, "तुलाही झटका आला वाटतं."

माईने पदराने डोळे पुसले आणि स्वतःही एक पट्टी दाबून पाहिली. पुन्हा दोन आवाज. मावशीने पुढे होऊन ती बारीक वायर उपटली आणि पट्टी दाबली. एकच सूर, स्वच्छ. भाचा कानाची पाळी धरून उभा राहिला. मग त्याने माझ्यातली 'लोकल' नावाची सोय बंद केली. म्हणजे पट्टी दाबली तरी मी आपणहून वाजायचं नाही, कॉम्प्युटरकडून निरोप आला की एकदाच वाजायचं. वायर पुन्हा जोडली. मावशीने संपूर्ण गाणं वाजवलं.

खरं सांगायचं तर तिची करंगळी अजून जरा मागे पडत होती. "तेवढं सरळ करू?" भाच्याने विचारलं.

"हात लावू नकोस. ती करंगळी माझी आहे."

नाटकात ते गाणं तसंच वाजलं. पुढची कितीतरी वर्षं आम्ही दोघांनी काम केलं. आता हजार आवाज कॉम्प्युटरच्या पोटातच मिळतात, म्हणून मला कपाटावर ठेवलं आहे. ठेवा. वीज जोडली तर मी आजही बोलेन.

मित्रांनो, वाद्यावरची धूळ पुसा, वायरी ओढाताण न करता काढा, हे तर मी सांगणारच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कुणाचा हात थरथरतो असं म्हणायच्या आधी त्याच पट्टीवर एकदा आपलं बोट ठेवून पाहा.